कवडीचा उपास

गणपती गेले की आमच्या बिल्डिंगशेजारच्या रिकाम्या प्लॉटमध्ये गवत कमरेएवढं होतं. त्या जागेवरून कुणाचं तरी कोर्टात काही चाललंय म्हणे, म्हणून तिथे इमारत उठत नाही. न उठो. सातव्या मजल्यावरून मला अख्ख्या पुनावळ्यात एवढाच एक हिरवा तुकडा दिसतो. सकाळचं ऊन तिरपं पडलं की गवताचे तुरे गुलाबीसर दिसतात आणि वारा सुटला की तो गुलाबी रंग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सावकाश चालत जातो. मी चहा घेऊन बाल्कनीत बसते. सून म्हणते, आईंची समाधी लागली. लागू दे बाई. पंच्याऐंशी उलटल्यावर माणसाला दुसरं काम तरी काय असतं?

यंदा त्या गवतात एक पांढरी घोडी आली आहे. वरातीची. चातुर्मासात लग्नं नसतात, तेव्हा नवरदेवांना मिरवणाऱ्या या घोड्या चार महिने कुठे जातात, याचा मी जन्मात विचार केला नव्हता. त्या अशा कुणाच्या तरी पडीक जागेत उभ्या असतात आणि खातात. हिचा मालक लातूरकडचा तरुण माणूस आहे, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत राहतो. दिवसभर गवत असतंच, वर संध्याकाळी तो तिला घमेलंभर पेंड आणि हॉटेलातून आणलेल्या उरलेल्या रोट्या घालतो. घालताना तिच्या मानेवरून हात फिरवत काहीतरी बोलत असतो. वरून शब्द ऐकू येत नाहीत, पण माया दिसते.

पहिले आठ दिवस घोडी प्लॉटभर फिरली. मग फिरेनाशी झाली. परवा सकाळी पाहिलं, तर पुढचे दोन्ही पाय पुढे टाकून, सगळं अंग मागे रेलून उभी होती. एक पाय उचलायची, ठेवायची, दुसरा उचलायची. तापलेल्या तव्यावर उभं केल्यासारखी. माझा चहा हातातच निवला. हे उभं राहणं मी ओळखते. सत्तर वर्षांपूर्वी याच गावात, असल्याच भाद्रपदात, असंच उभं राहिलेलं जनावर मी पाहिलं होतं, आणि त्याला तसं उभं करण्यात माझा हात होता.

तेव्हाचं पुनावळं म्हणजे पवनेकाठची पाऊणशे घरं. हायवे नाही, सोसायट्या नाहीत. पाऊस सरता सरता नदीवरून येणारा एक वास असे. चिखल, शेवाळ, ओलं गवत आणि कुणाच्या तरी चुलीतला धूर, असा सगळा मिळून. दुपारी उन्हात पाऊस आणि पावसात ऊन. मला वाटायचं, आपण झोपेतच चालतोय. सतरा वर्षांची होते, लग्न होऊन चार महिने झाले होते. आता ज्याला राजगुरुनगर म्हणतात त्या खेडच्या बाजूचं माझं माहेर. तिथे माळरान, बाजरी आणि बैल. नदीकाठची एवढी हिरवाई मी पाहिलीच नव्हती. मला तिची भूल पडली होती म्हणा ना.

सासरी आम्ही चार माणसं. सासरे, त्यांना मी मामंजी म्हणायची. सासूबाई, म्हणजे आत्याबाई. हे. आणि मी. पाचवी कवडी.

कवडी घोडी होती. करड्या रंगाची, बुटकी, पोटाळू, आणि कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. देखणी बिखणी काही नव्हती. पण मामंजींचा सगळा कारभार तिच्या चार पायांवर चाले. मामंजी हाडं बसवायचे. पंचक्रोशीत कुणाचा हात मोडला, खांदा निखळला, की बोलावणं त्यांना. त्यांचा स्वतःचा उजवा गुडघा मात्र लहानपणी कुणीतरी वाकडा बसवला होता. मैलभर चालले तरी तो सुजायचा. लोक हसून म्हणायचे, दुसऱ्यांना सरळ करतात आणि आपण लंगडतात. मामंजीही हसायचे. कवडीवर बसले की ते लंगडे नसत.

तिला नाल नव्हते. कधीच मारले नाहीत. नदीचा उतार, म्हणजे पाण्यातून पलीकडे जायची वाट, सगळा काळ्या खडकाचा, शेवाळलेला. लोखंड त्यावरून घसरतं, खूर धरून राहतो, असं मामंजींचं म्हणणं. शिवाय हाडं बसवणाऱ्या माणसाला जिवंत पायात खिळा ठोकणं रुचत नसावं. तिचे खूर इतके टणक होते की उतारावरून ती निघाली की टकटक आवाज घरापर्यंत यायचा, आणि आत्याबाई त्या आवाजावर भाकरी थापायला बसायच्या.

आता आमच्या घरातल्या बोलण्याची गंमत सांगते. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, हे तर तेव्हा सगळीकडेच होतं. अगदी गरज पडली तर तिसऱ्याला सांगितल्यासारखं करायचं. घरात पोर असलं तर पोराला सांगायचं, नसलं तर मांजराला. “मनी, पाणी तापलंय गं,” असं म्हटलं की मामंजी आंघोळीला उठायचे. आमच्याकडे मांजर नव्हतं, म्हणून मी कवडीला सांगायची. पण बाकीच्यांचं तरी कुठे धड होतं? ह्यांनी बापाची विद्या शिकायची सोडून खडकीच्या कारखान्यात नोकरी धरली होती. तेव्हापासून बापलेकांत बोलणं नव्हतं. ह्यांनी पहाटे सायकल काढायची, दिवेलागणीला परत यायचं, आणि दोघांनी एकमेकांकडे पाठ करून जेवायचं. आत्याबाई दोघांच्या मधे पिचलेल्या. त्या माझ्याशी फक्त कामापुरतं बोलायच्या. चूल, पाणी, शेण. दिवसभरात मी पन्नास शब्द बोलत असेन, त्यातले चाळीस घोडीशी.

माझ्या माहेरी जनावरावर जीव असला तर तो दाखवायची एकच रीत होती. खायला घालायचं. गाय व्याली की बाजरीच्या घुगऱ्या शिजवून त्यात गूळ घालायचा आणि कोमट असतानाच पुढे ठेवायचं. पेरणीच्या दिवसांत बैलालाही तेच. बैल त्यावर कसा तरतरीत होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. मग मला सांगा, एकट्या पडलेल्या पोरीला घोडी आवडली तर ती दुसरं काय करणार? मी रात्रीच्या निखाऱ्यावर गाडगं ठेवायची. पहाटे सगळे उठायच्या आत घुगऱ्या आणि गुळाचा खडा घेऊन कवडीच्या ठाणावर जायची. अंधारात तिचे मऊ ओठ माझ्या तळहातावरून फिरायचे, तिचा गरम श्वास मनगटावर यायचा. त्या घरात मला स्पर्श करणारं तेवढंच कुणी होतं म्हटलं तरी चालेल. नंतर तिला सोडून नदीकाठच्या कोवळ्या गवतात न्यायची. दवानं भिजलेलं गवत ती कुरकुर खायची आणि मी दगडावर बसून माहेरची गाणी म्हणायची.

बैल आणि घोडा यांच्या पोटात जमीन-अस्मानाचा फरक असतो, हे मला कोण सांगणार? बैल खाल्लेलं पुन्हा वर काढून, निवांत रवंथ करून पचवतो. घोड्याला ती सोय नाही. गोडाधोडाचं, दाण्याचं, कोवळ्या गवताचं ओझं एकदम पोटात पडलं की ते तिथे आंबतं आणि त्याची आग थेट खुरांत उतरते. खुराच्या आतलं मांस सुजतं आणि बाहेरचं कवच तर फुगत नाही. अंगठ्याच्या नखाखाली पू झाला की काय होतं ते आठवा, आणि त्या नखावर अख्ख्या अंगाचा भार टाकून बघा. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की कवडीची मान भरतेय, पाठ गोल होतेय. मी मनात म्हणायची, बघा, माझ्या हाताला गुण आहे.

त्यात त्या वर्षी पाऊस लांबला. नदी भरलेली, उतार बंद. मामंजींची बोलावणी थांबली आणि कवडी महिनाभर जागेवर उभी राहून खात होती. मग एकदाचं पाणी ओसरलं. मामंजींनी खोगीर घातलं, आणि घोडी चार पावलं चालून थांबली. अंगणातल्या खड्यांवर पाय टाकेना. शेणाच्या ओल्या ढिगावर जाऊन उभी राहिली, पुढचे पाय पुढे टाकून.

मामंजी खाली बसले. ती त्यांची बोटं मला अजून दिसतात. लांब, चपटी, म्हातारपणीही थरथर नसलेली. ती बोटं कवडीच्या खांद्यापासून खाली गेली, गुडघ्यावरून, नळीवरून, खुरापर्यंत. पुन्हा वर. पुन्हा खाली. मोडलेलं काही नव्हतं. निखळलेलं काही नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्या बोटांना काही सापडलं नाही.

गावानं आपापले निकाल लावले. पिंपरीला सरकारी कारखान्याचं काम निघालं होतं आणि रस्त्यावर नवी खडी पडली होती. सगळे म्हणाले, खडीनं पाय दुखावले, आता नाल मारल्याशिवाय इलाज नाही. मीही तेच मानलं. मानायला सोयीचं होतं ते. आणि बिचारी आजारी म्हणून मी गुळाचा खडा दुप्पट केला. आज हे लिहिताना माझ्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

तशात सांगवीहून माणूस आला. विहिरीच्या पायरीवरून एक बाई पडली होती, मांडीचं हाड गेलं होतं. गाडी चिखलात रुतत होती म्हणून तो चालत आला होता. मामंजी उठले, काठी घेतली, वेशीपर्यंत गेले आणि परत आले. गुडघा भोपळ्याएवढा झालेला. त्या माणसाला त्यांनी फळ्या कशा बांधायच्या ते दहा वेळा समजावलं. तो गेल्यावर ते जोत्यावर मांडीत हात ठेवून बसले. घोडी बरी झाली नाही तर या माणसाचे हातही गेले, हे मला त्या संध्याकाळी लख्ख कळलं. मला जेवण गेलं नाही.

रविवारी चिंचवडहून म्हातारा नालबंद आला. रविवार म्हणून हेही घरी होते. नालबंदानं पथारी पसरली, त्यावर खिळे, हातोडी, घासणी मांडली. कवडीचा खूर हातात घेतला, आणि लगेच गालाला लावला. मग दुसरा. मग खुराच्या वरच्या खाचेत बोट दाबून बसला, वैद्य नाडी बघतो तसा. त्यानं विचारलं, हिला खायला काय घालता? मामंजी म्हणाले, गवत, आणि सांजेला मूठभर भरडा. नालबंदानं घरातल्या एकेकाकडे पाहिलं. म्हणाला, खूर निखाऱ्यासारखा तापलाय. खडीनं दुखावला असेल तर मी नाल ठोकतो, बरी होईल. पण ही आग पोटातून आली असेल आणि मी यात खिळा घातला, तर ही बसेल ती पुन्हा उठायची नाही. मालक, नीट आठवून सांगा.

मामंजींनी पुन्हा तेच सांगितलं. खरंच त्यांना तेवढंच ठाऊक होतं, असं मला वाटलं. नालबंदानं मान हलवली आणि खिळा उचलला.

मी दाराआड पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. बोलावं तर परका माणूस समोर, सासरे समोर. न बोलावं तर तो खिळा. मी पदर नाकापर्यंत ओढला, अंगणात उतरले, आणि कुणाकडेही न बघता कवडीच्या गळ्याला मिठी मारली.

“कवडे, तुला मीच घातलं गं,” मी म्हणाले. “रोज पहाटं. बाजरीच्या घुगऱ्या आन गूळ. ह्यातलं कुणालाच ठावं न्हाई. आता खिळा मारून घेऊ नगंस, माझे बाई.”

मला वाटलं, आता माहेरची वाट. तेवढ्यात मागून आत्याबाईंचा आवाज आला. माझ्याशी नव्हे, नवऱ्याशीही नव्हे. त्यासुद्धा घोडीशीच बोलत होत्या.

“आन माझ्या भाकरी गं? दुपारच्या दोन-दोन, गूळ लावून. त्या काय कुत्र्यानं खाल्ल्या व्हय?”

ह्यांनी घसा खाकरला. खमिसाच्या खिशात हात घातला आणि मूठभर चणे-फुटाणे काढून नुसते दाखवले. खडकीच्या बाजारातून रोज आणत होते. सायकल लावायला ठाणाकडे जातात आणि एवढा वेळ काय करतात, याचा मला उलगडा झाला. मी म्हणत होते, माणूस बायकोसाठी कधी फुटाण्याची पुडी आणत नाही.

राहिले मामंजी. हाडं बसवण्याचा त्यांनी कधी पैसा घेतला नाही, गुरूला तसा शब्द होता. म्हणून गावोगावचे लोक निघताना घोडीचा वाटा द्यायचे. पायलीभर दाणा आणि गुळाची ढेप. तो दाणा घरच्या कणगीत जातो, अशी आत्याबाईंची समजूत. मामंजी पुढे आले. लेकाच्या हातातले फुटाणे त्यांनी पाहिले, माझ्या पदराकडे पाहिलं, आणि कवडीच्या कपाळावरच्या त्या ठिपक्यावर तळवा ठेवला.

“माझं तर तू मोजूच नगंस,” ते म्हणाले.

आधी नालबंद हसला. मग आत्याबाई. मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि त्यांनी पदरात तोंड घातलं. नालबंदानं खिळे परत पिशवीत टाकले. म्हणाला, हिला नाल नको. हिला उपास घाला.

घटस्थापना चार दिवसांवर होती. आमच्या घरात त्या नवरात्रात सगळ्यांनी उपास केला आणि कवडीनं सगळ्यांपेक्षा कडक केला. दाणा बंद, गूळ बंद, भाकरी बंद, हिरवं गवत डोळ्यांनी बघायचंसुद्धा नाही. खायला फक्त गेल्या साली कापलेलं वाळलं गवत, तेही रात्रभर पाण्यात भिजवून, ते पाणी ओतून देऊन. त्या पाण्यावाटे गवताची गोडी निघून जाते, असं नालबंदानं सांगितलं होतं. सकाळ-संध्याकाळ तिला नदीच्या गार गाळात उभं करायचं. ते काम मामंजी आणि हे मिळून करत. गुडघाभर पाण्यात, घोडीच्या दोन बाजूंना दोघं उभे. पहिले काही दिवस ते घोडीशीच बोलले. कोजागरीच्या सुमारास मी धुणं घेऊन गेले, तर ते एकमेकांशी बोलत होते. कारखान्यातल्या कुठल्याशा यंत्रात हात सापडलेल्या गड्याबद्दल ह्यांनी सांगितलं होतं, आणि मामंजी मनगटाची हाडं कशी असतात ते हवेत बोटांनी काढून दाखवत होते. मी धुणं तसंच घेऊन परत आले.

माझ्या मनात तेव्हापासून एक गोष्ट घोळते. त्या घरात कुणीच वाईट नव्हतं. चार माणसं होती, चौघांकडे द्यायला भरपूर होतं, आणि एकमेकांना कसं द्यायचं ते एकालाही येत नव्हतं. ते सगळं त्या मुक्या जिवाच्या पोटात गेलं, आणि तिला सोसलं नाही.

घोडी एकदम बरी झाली नाही. पाय आठ-दहा दिवसांत निवले, पण खुराच्या वरच्या कडेला एक वळ उमटला, आडवा, मनगटातल्या बांगडीएवढा स्पष्ट. खूर वरून वाढत येतो, नखासारखा. त्याच्याबरोबर तो वळ महिन्या-महिन्यानं खाली सरकत होता. दिवाळीला बोटभर खाली. संक्रांतीला आणखी थोडा. मी रोज पाण्यानं खूर पुसायची आणि वळ कुठवर आला ते बघायची. त्याच्या वरचा नवा खूर गुळगुळीत, घट्ट. खालचा जुना, भेगाळलेला. शिमग्याला तो अर्ध्यावर आला, पाडव्यानंतर आणखी खाली. आखाडात झिजत झिजत कडेपाशी पोचला. आणि भाद्रपदात, पुन्हा ते तुरे गुलाबी झाले तेव्हा, मी खूर उचलून पाहिला तर वळ नव्हता.

काल मी लिफ्टनं खाली उतरून प्लॉटवर गेले. मालक म्हणाला, आजी, काँक्रीटचा त्रास झालाय, चार महिने काम नाही म्हणून नाल काढलेत, ते परत मारून घेतो. मी म्हटलं, आधी खुराला हात लावून बघ. त्यानं लावला आणि चटकन मागे घेतला. मी सांगितलं, जनावरांच्या डॉक्टरला आजच बोलाव, आणि रोट्या, पेंड, हे हिरवं गवत, सगळं बंद. वाळलं गवत भिजवून घाल. त्यानं घोडीच्या मानेवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, “तिला वाटंल ना आजी, मालक रुसला म्हणून.” मी म्हटलं, वाटू दे बाबा. मोजून खाऊ घालणंसुद्धा मायाच असते. पटलं की नाही कोण जाणे. आज सकाळी घोडी गवताबाहेर, वाळूच्या ढिगावर बांधलेली दिसली.

वळ गेला त्याच भाद्रपदात एक दिवस पलीकडच्या वाडीतून बोलावणं आलं. झाडावरून पडलेलं पोर. मामंजींनी खोगीर घातलं. आम्ही तिघं नदीच्या काठावर गेलो, कुणी कुणाला न सांगता. उताराचा काळा खडक ओला होता. कवडी त्याच्या कडेला आली, क्षणभर मान खाली घालून तिनं हुंगलं, आणि अनवाणी पाय त्यावर टाकला. टक. मग दुसरा. ती थांबली नाही. आत्याबाईंनी माझा दंड धरला होता तो सोडला, आणि घरी जाऊन भाकरी थापायला बसल्या.

मामंजी ऊन कलल्यावर आले. पोराचा हात बसला होता. मी लगाम धरायला पुढे झाले, पदर सावरून, मान खाली घालून, नेहमीसारखी. ते उतरले, जोत्यावर बसले, आणि उपरण्याच्या गाठीतून त्यांनी गुळाचा एक मोठा खडा काढला. वाडीतल्या लोकांनी रिवाजाप्रमाणे दिलेला. मी कवडीकडे वळले, आता ते तिला काय सांगतात ते ऐकायला. पण त्यांनी घोडीकडे पाहिलं नाही. सव्वा वर्षात पहिल्यांदा ते माझ्या तोंडाकडे बघून माझ्याशी बोलले.

“पोरी, ह्यो घोडीसाठी दिल्ता. तिला चालत न्हाई. तू खा.”

मी हात पुढे केला. सासऱ्यासमोर खायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी तिथेच उभी राहून तो तोंडाला लावला, आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसलंसुद्धा नाही. खडा चांगला मोठा होता. माझा खाऊन होईपर्यंत मामंजी तिथेच बसून होते.